डोंग्यातलं पाणी

सर, तुमच्यावर स्मरणिका निघते आहे. शाळेतल्या जुन्या मुलांनी मनावर घेतलं आहे आणि मुखपृष्ठावर तुमचा तो जाड काड्यांच्या चष्म्यातला फोटो जाणार आहे. परवा त्यांच्यातला एक जण माझ्या घरी आला. साकोलीत खताचं दुकान आहे त्याचं. डोक्यावर केस उरले नाहीत आणि उठताबसताना गुडघे माझ्यासारखेच कुरकुरतात. चहा पिता पिता म्हणाला, "मॅडम, दोन पानं लिहून द्या ना जी. सरांचा तुमच्यावर लय जीव होता. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे, असं गोडगोड लिहा." मी हो म्हटलं. तो गेल्यावर कप उचलताना लक्षात आलं की अरे, हाच तो. ज्याच्या एका वाक्यावर तुम्ही तलावाच्या पाळीवर पोट धरून हसला होतात, तो हाच. त्याला त्यातलं काहीएक आठवत नाही. बरं आहे त्याचं. मला सगळं आठवतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग जागच्या जागी आहे, हे सांगायला मी आज बसले आहे. ती गोड पानं नंतर लिहीन.

आधी आमच्या घराचं सांगते, कारण तुम्ही ते कधी विचारलं नाहीत. तुम्ही नागपूरकडचे, बदली होऊन आमच्या शाळेत आलेले मराठीचे सर. तुमच्याकडे पुस्तकांनी भरलेली एक ट्रंक होती आणि देव या विषयावर तुमची जीभ विळीसारखी चालायची. आम्ही ढिवर, तलावावर जगणारी माणसं. माझा बा त्या तलावात मासे धरायचा आणि दिवाळीच्या आधी शिंगाडे तोडायचा. त्याचा डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी, त्याच्या बापाच्या हातची. ती जराशी गळायची. रोज सकाळी उजाडायच्या आत बा पाळीवर, तलावाच्या बांधावर, जायचा, चेंबलेल्या पत्र्याच्या डब्यानं डोंग्यातलं पाणी उपसून काढायचा आणि मगच जाळ्याला हात लावायचा. ज्या दिवशी मासे धरायचे नसत, त्या दिवशीही उपसायचा. देवापुढे हात जोडताना मी त्याला क्वचितच पाहिलं. देवाचं खातं मायकडे होतं. पाळीवर शेंदूर फासलेला एक दगड आहे, तळ्याची माय म्हणतात तिला. पहिले शिंगाडे मोठ्या गंजात उकडले की आधी पानात बांधून त्या दगडापुढे जायचे, मग आमच्या तोंडात पडायचे. आमच्या स्वयंपाकघराचा अख्खा कोपरा त्या उकडलेल्या शिंगाड्यांच्या चिखलट वासानं भरलेला असायचा आणि मी सालं सोलता सोलता तुम्ही शिकवलेल्या कविता पाठ करायची.

बा गेला तो त्या शिंगाड्यांतच. ज्याला पाणी घरच्या अंगणासारखं होतं, त्याचा पाय वेलीत गुंतला आणि दुपारी माणसांनी त्याला काठावर आणला. मी तेव्हा तुमच्या वर्गात होते, आठवीत. आमच्यात असा माणूस पाण्यात गेला की त्याचा डोंगा ओढून पाळीवर आणतात आणि पालथा घालतात. वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही. त्या माणसाची सावली तोवर डोंग्याखाली निजलेली असते, असं मानतात. पुढल्या वर्षी शिंगाडे तोडायला सुरुवात करायच्या दिवशी घरातलं माणूस डोंगा सुलटा करतं, पाण्यात लोटतं, आणि मग सावली पाण्याबरोबर निघून जाते. माय रोज संध्याकाळी त्या पालथ्या डोंग्याजवळ पणती लावायची आणि पळसाच्या द्रोणात चिमूटभर भात त्याच्या कडेखाली सारायची. मीही तिच्यासोबत बसायची. शाळेत काय काय झालं ते मी डोंग्याच्या लाकडाला तोंड लावून सांगायची. तुम्ही निबंधाला शाबासकी दिली होती, तेसुद्धा मी बाला तसंच सांगितलं होतं.

आता तो दिवस. हिवाळा सरत आलेला, दुपारचं ऊन, आणि तुम्ही अख्खा वर्ग घेऊन पाळीवरून निघाला आहात. हातात छडी नाही, उलट तुम्ही खुशीत आहात. डोंग्याजवळ थांबता आणि विचारता, "हा डोंगा उलटा का ठेवलाय, कोण सांगेल?" सगळी पोरं माझ्याकडे बघतात. मी सांगते. मला वाटतं, निबंधासारखं तुम्ही हेही ऐकून घ्याल. तुम्ही मान डोलावता आणि म्हणता, "आज आपण पुस्तकातलं विज्ञान डोळ्यांनी पाहू." मग चार दांडग्या पोरांना डोंगा उलटायला लावता. मी नको म्हणते. मी, सर, तुमच्या बाहीला धरते. तुम्ही माझा हात हळूच सोडवता आणि म्हणता, "घाबरू नकोस, मी आहे ना." डोंगा सुलटा होतो. खाली पिवळं पडलेलं गवत, मायचे द्रोण, काळा पडलेला भात, मुंग्या, आणि मधोमध फुगून बसलेला एक बेडूक. मग तुमचा तो खतवाला ओरडतो, "सर, हिचा बाप बेंडूक झाला जी!"

आणि तुम्ही हसलात. पोरं हसली त्याचं मला काही वाटत नाही, पोरं हसतातच. तुम्ही हसलात. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. तेवढ्यात माय डोक्यावर टोपली घेऊन बाजारातून परत येत होती, ती पाळीवर चढली. तिनं आधी डोंगा पाहिला, मग मला. टोपली खाली ठेवून म्हणाली, "झालं का मास्तर पाहून?" तुम्हीही तिच्या बोलीत उतरलात, मोठ्या प्रेमानं, "बाई, लाकूड आहे ते. लाकडाले काय कळते, उलटं काय अन् सुलटं काय?" माय म्हणाली, "लाकडाले नाई कळत जी. पण ते आता कुठी जातीन?" तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि वर्गाला रांग धरायला सांगितलीत.

त्या संध्याकाळी मायनं पणती लावली नाही. डोंगा पुन्हा पालथा घालू, असं काका म्हणाले, तर ती म्हणाली की एकदा उठवलेल्या माणसाला परत निजवता येत नाही. मग ती तळ्याच्या मायकडेही जायची बंद झाली. मला मात्र एक काम मिळालं. मी वाट पाहू लागले. तळ्याची माय जागृत आहे, हे मी जन्मापासून ऐकत आले होते. तिच्या पाळीवर पायतण घालून चढलेल्या कोण्या माणसाचे पाय वाकडे झाले होते म्हणे. मग तुमचं काय होणार, याचे मी मनात मोठे थाट उभे केले. तुम्हाला ताप येईल, घशात काटा अडकेल, तुमच्या खोलीवर वीज पडेल आणि पुस्तकांची ती ट्रंक फुलबाजीसारखी जळेल. रोज सकाळी मी शाळेच्या फाटकाशी उभी राहून तुमची सायकल यायची वाट बघायची. तुम्ही यायचात. ताजी दाढी, पांढरा सदरा, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. सर, तुमची सायकल साधी पंक्चर झाली नाही. उलट त्या उन्हाळ्यात तुम्ही अंगानं भरलात, मामलेदारासारखे दिसायला लागलात. मग माझ्यातलं काहीतरी बसलं. तळ्याची माय म्हणजे शेंदूर लावलेला धोंडा, हे मला पटलं. म्हणजे तुम्ही जिंकलात. बा कुठेही नव्हता. डोंग्याखाली नाही, पाण्यात नाही, कुठेच नाही, आणि हे मला चौदाव्या वर्षी एकटीला ठाऊक होतं, मायलाही सांगता येत नव्हतं. तुमच्या विज्ञानाच्या त्या तासानं मला एवढं दिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तुम्ही मला खोलीवर बोलावलंत. मला वाटलं, आता माफी मागाल. तुम्ही ट्रंकेतून एक कादंबरी काढलीत, खाकी कागदाचं कव्हर घातलेली, आणि म्हणालात, "त्या दिवशीचं मनाला लावून घेऊ नकोस. तू हुशार आहेस म्हणून देतोय. हे वाच, डोळे उघडतील." पहिल्या पानावर तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'अंधारातून बाहेर ये.' मी पुस्तक घेतलं, घरी आले आणि थेट चुलीपाशी गेले. माय भात शिजवत होती. मी पुस्तक जाळात धरणार, तोच तिनं मनगट पकडलं. "जाळू नोको वो. अक्षरं आहेत त्याच्यावर." मी म्हटलं, "त्या मास्तरचं आहे." ती म्हणाली, "मास्तरचं असन. अक्षरानं काय केलं आपलं?" तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. मग मी ते पुस्तक फळीवर टाकलं, शिंगाड्याच्या पिठाच्या डब्यामागे, आणि पावसाळा लागेपर्यंत त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे वाचायला घेतलं तेही चांगल्या मनानं नाही. तुमचं हत्यार कसलं आहे ते एकदा पाहून ठेवावं, म्हणजे कधीतरी तुमच्यावरच फिरवता येईल, इतकाच विचार होता.

तुम्हाला ती कादंबरी पाठच असणार, तरी सांगते, मी ती कशी वाचली ते. नदीकाठच्या एका देवळाचा पुजारी आहे. त्याचा लहान मुलगा पुरात जातो. पुजारी देवळाला कुलूप लावतो, किल्ली नदीत फेकतो आणि त्याच नदीवर नाव चालवायला लागतो, लोकांना या काठावरून त्या काठावर सोडतो. देवाचं नाव पुन्हा घेत नाही. कोणी घेतलं तर त्याला नावेतून उतरवतो. इथपर्यंत मला तुमचा आवाज ऐकू येत होता. पण मग पुस्तकात पाऊस येतो. नदीला इतकं पाणी चढतं की आठवडाभर कोणी उतारू फिरकत नाही. आणि हा माणूस रोज पहाटे उठून नावेतलं पाणी उपसतो. कोणी येणार नाही, हे त्याला माहीत आहे. उपसतो आणि वल्हं मांडीवर घेऊन बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. लिहिणाऱ्यानं त्यावर काही भाष्य केलेलं नव्हतं. तो फक्त पाणी उपसल्याचा आवाज लिहीत जातो. एका पहाटे उपसून होतं, नाव कोरडी होते, पुजारी समोरच्या रिकाम्या काठाकडे बघत बसतो, आणि पुस्तक संपतं.

मी ते शेवटचं पान आमच्या ओसरीत वाचलं. बाहेर पाऊस पडून उघडला होता. मला एकदम बाच्या डब्याचा आवाज आठवला, पत्रा लाकडाला घासतो तो. आणि मनात आलं की तुम्ही सुलटा केलेला डोंगा तसाच पाळीवर पडला आहे, उघडा, आणि इतक्या पावसात तो भरला असेल. मी डबा घेऊन धावत गेले. डोंगा काठोकाठ भरलेला होता, त्यात पळसाची पानं तरंगत होती. मी उपसायला लागले. हात भरून आले, पण डोंगा तळापर्यंत कोरडा होईतो थांबले नाही. मग काठावर बसले. सर, त्या वेळी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, आणि तुम्ही समोर असता तर तुम्ही ते मला नीट सांगूही दिलं नसतंत. प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही. एवढंच झालं की बा कुठे आहे, हे विचारायची माझी घाई गेली. जो कोणी येणार नसतानाही उपसतो, त्याच्या हातात काहीतरी असतं. ते बाच्या हातात होतं. त्या पुजाऱ्याच्या हातात होतं, त्यानं कितीही नाकारलं तरी. आणि आता डबा धरलेल्या माझ्या हातात होतं. मी त्याला देव म्हटलं. माझ्याजवळ दुसरा शब्द नव्हता, आजही नाही.

मग मी रोज जायला लागले. रात्री पाऊस डोंगा भरायचा आणि सकाळी मी रिकामा करायची. एक दिवस माय मागे येऊन उभी राहिली. "काय करून राहिली वो?" मी म्हटलं, "पाणी काढून राहिली." "कायले? चालवत तर नाई कोणी." मी म्हटलं, "बा काढे ना रोज." ती पदर खोचून खाली उतरली, माझ्या हातातला डबा घेतला आणि स्वतः उपसू लागली. त्या संध्याकाळी तिनं पणती लावली, पालथ्या डोंग्याजवळ लावायची तशी नव्हे, सुलट्या डोंग्याच्या आत, कोरड्या तळावर. शिंगाड्याच्या दिवशी काकांनी तो डोंगा पाण्यात लोटला तेव्हा माय रडली, पण ते बरं रडणं होतं. म्हणजे बघा, तुम्ही डोंगा सुलटा केला नसता तर त्यात पाणी साचलं नसतं आणि मी उपसायला गेलेच नसते. हे श्रेय तुम्हाला द्यावं असं कोणाला वाटेल. मला वाटत नाही.

कारण तो देव भलताच निघाला, सर. मला हवा होता तुमच्यावर कोसळणारा, तुमच्या सायकलीचं चाक तरी वाकवणारा. मिळाला तो नुसता पाणी उपसणारा. तो कोणाचं वाईट करत नाही. मी पुष्कळ विनवलं, तो ढिम्म. मग माझ्या लक्षात आलं की सूड हे काम माझं मलाच करावं लागणार. आणि सूड तर तयारच होता. ज्या पुस्तकानं तुम्ही माझा देव पुरायला निघालात, त्याच पुस्तकातून मी देव काढला, हे तुमच्या तोंडावर सांगायचं. तुम्ही चष्मा काढाल, पुसाल, आणि यावेळी हसणार नाही. या एका प्रसंगासाठी मी शिकले, असं म्हटलं तरी चालेल. शिकलेल्या बाईनं सांगितलं म्हणजे तुम्हाला 'अडाणी पोर' म्हणून उडवून लावता येणार नव्हतं.

भंडाऱ्याला कॉलेजात असताना तिथल्या ग्रंथालयात मला तीच कादंबरी दिसली. सहज म्हणून शेवटचं पान उघडलं, आणि ते माझं शेवटचं पान नव्हतंच. पुढे आणखी एक अख्खं प्रकरण होतं. वसतिगृहावर येऊन मी तुमची प्रत उघडली, खाकी कव्हर सोडवलं, शिवणीपाशी बोट फिरवलं. तिथे कापल्याच्या कडा होत्या, ब्लेडनं, पट्टी लावून, इतक्या स्वच्छ की मला कधी शंका आली नव्हती. त्या कापलेल्या प्रकरणात पुजाऱ्याला देव भेटतो. नदीतून किल्ली परत मिळते, देऊळ उघडतं, आणि देव त्याला सांगतो की तुझा मुलगा माझ्याजवळ सुखात आहे. म्हणजे तुम्ही माझ्या हातात पुस्तक दिलंत ते आधी त्याचा देव कापून! चौदा वर्षांच्या पोरीला फसवायला ब्लेड घेऊन बसलात! मला इतका आनंद झाला, सर, की मी खोलीत एकटीच टाळी वाजवली. आता माझ्याकडे तुमच्याविरुद्ध पुरावा होता. तुम्ही उजेडाच्या गोष्टी करणारे, आणि असली लबाडी!

जायला मात्र वेळ लागला. बी.एड. झालं, लाखांदूरला शाळेत लागले, आणि एका सुट्टीत पत्ता काढून वरठीला आले. तुम्ही निवृत्त होऊन तिथे स्टेशनजवळ राहता असं कळलं होतं. पिशवीत तुमची ती प्रत होती आणि बसमध्ये मी वाक्यं घोकत होते. दार तुमच्या बायकोनं, म्हणजे बाईंनी, उघडलं. मी ओळख सांगितली. त्या बाजूला झाल्या आणि समोरच्या भिंतीवर तुम्ही होतात. फोटोला टवटवीत झेंडूचा हार, कपाळावर कुंकवाचा टिळा, पुढे उदबत्ती, आणि एक नाही, दोन दिवे. तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं होतं. मला आधी हसू आलं, सर. खोटं कशाला सांगू, उकळी फुटल्यासारखं आलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्याही हसल्या. म्हणाल्या, "जिवंतपणी यायनं घरात एक दिवा लावू देला नाही. आता मी दोन लावते. काय करतीन? उठून विझवतीन?" तिथे मला कळलं की तुमच्यावर सूड उगवणारी मी एकटी नाही, आणि माझ्याआधी नंबर लावून कोणी मोकळं झालं आहे.

त्यांनी चहा केला. मी पिशवीतून पुस्तक काढून पुढे ठेवलं आणि कापलेल्या कडा दाखवल्या. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, माझ्यासारखंच. मग सांगितलं की तुम्हाला एक मुलगी होती. तुम्ही बदलीच्या गावी असताना तिला ताप आला. बाईंच्या माहेरच्यांनी तिला भगताकडे नेलं, अंगारा लावला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. "यायनं मले कधी बोल लावला नाही," बाई म्हणाल्या, "देवालेच लावला. हे पुस्तक तेव्हाच वाचून राहिले होते. शेवटचे पानं ब्लेडनं कापले. म्हणे, हे खोटं आहे. ज्याची पोरगी गेली त्याले कोणी येऊन सांगत नाही, का ती आता कुठी आहे."

आता इथे माझं मन विरघळलं असेल असं स्मरणिकेवाल्यांना वाटेल. नाही विरघळलं. उलट माझा राग त्या दिवशी दुप्पट झाला, आणि मघापासून मी जे सांगायला बसले आहे ते हेच आहे. ती पानं माझ्यासाठी कापलेली नव्हती, हे मी मान्य करते, लबाडीचा आरोप मागे घेते. पण मग मायनं पाळीवर तुम्हाला जे विचारलं, ते आता कुठे जातील, तो प्रश्न तुम्हाला ठाऊक होता. त्या पूर्ण पाळीवर तिच्या आणि माझ्याशिवाय तो फक्त तुम्हाला ठाऊक होता. तुमच्या घरातही कोणीतरी कुठे गेलं ते कळलेलं नव्हतं. आणि तुम्ही चष्मा पुसेपर्यंत हसलात, आणि उत्तर द्यायच्या जागी घड्याळ पाहिलंत. न कळणारा माणूस हसला असता तर मी कधीच सोडून दिलं असतं, त्या खतवाल्याला दिलंच ना. तुम्ही कळून हसलात. याची शिक्षा देणारा देव मला मिळाला नाही, आणि तुम्ही माझ्या हातात सापडायच्या आधी मेलात. परत येताना बसमध्ये मी चिडून रडले, सूड हुकला म्हणून. बाजूच्या बाईला वाटलं माझ्या घरी कोणी गेलं आहे.

तेव्हापासून तुमच्याशी मनात भांडते आहे. माय गेली, मी निवृत्त झाले, तो डोंगा कधीच कुजून गेला. सकाळी उठून मी अजून एक काम असं करते की जे कोणी पाहणार नाही. कधी गल्लीतल्या हौदाभोवतीचं शेवाळ घासते, कधी समोरच्या आंब्याच्या आळ्यातला कचरा काढते. तीच माझी पूजा. ती करताना मला बा आठवतो, पुजारी आठवतो, आणि तुम्हीही आठवता, ते मात्र नको असताना.

एक गोष्ट उरली. यंदा आमच्या शेजारची बाई गेली. तिची पोरगी नववीत आहे, पुस्तकं न्यायला माझ्याकडे येते. मागच्या आठवड्यात दाराशी उभी राहून म्हणाली, "आजी, माही माय आता कुठी असन?" मी घड्याळ पाहिलं नाही, तेवढं तुमच्याकडून शिकले. तिला जवळ बसवलं, मला माहीत नाही म्हणून सांगितलं, आणि आपली कादंबरी द्यायचं ठरवलं. तुमची प्रत आता हातात घेतली की पानं गळतात, म्हणून नवी मागवली. आज सकाळी ती आली. देण्याआधी मी ते शेवटचं प्रकरण पुन्हा वाचलं, या वयात तरी पटेल म्हणून. नाही पटलं. किल्ली मिळते, घंटा वाजतात, देव गोडगोड बोलतो, त्या खतवाल्याला आवडेल तसा. मग मी पट्टी घेतली, ब्लेड घेतलं, आणि तुम्ही जिथे कापलं होतं तिथेच, शिवणीला धरून, कापलं. कुठे कापायचं ते तुम्हाला बरोबर कळलं होतं, हे मला तुमच्याशिवाय कोणाला सांगायचं नाही, आणि तुम्हालाही हे पोहोचणार नाही याचं बरंच वाटतं.

संध्याकाळी पोरगी पुस्तक घेऊन गेली. स्मरणिकेची दोन पानं उद्या लिहीन, त्यात तुमचा निबंधाचा तास घालीन. हे कागद शिंगाड्याच्या पिठाच्या डब्यामागे जातील. कापलेली पानं मात्र अजून टेबलावर पडली आहेत. दोनदा गॅसपाशी नेली आणि परत आणली, अक्षरं आहेत त्यांच्यावर. तुम्ही तुमची कुठे ठेवली होती, एवढं बाईंना विचारायचं राहून गेलं.